बोटीला थंडी वाजू नये म्हणून

…नाही, पण गोठणार काय होतं? मला एवढंच सांगा, बाकी काही नको. तुम्ही अबुधाबीत राहता ना? डिसेंबर आला की काय करता हो तुम्ही? एसी बंद करता आणि पंखा लावता, झाली थंडी! आमची बायको, जोसेफिन, रात्री शाल घेते, तीसुद्धा वसईहून आणलीय म्हणून, वाया जायला नको म्हणून. आणि अशा या गावात, मुसफ्फात, जिथं उन्हाळ्यात गाडीच्या दाराला हात लावला तर कातडी दारालाच राहते, तिथं मी, कॅस्मिर, भर नोव्हेंबरात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बोटीच्या इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून औषधपाणी करत उभा! कुणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, बिचाऱ्याला ऊन लागलं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुमचं पण माझ्यासारखं होईल. आमच्या कंपनीचं मुसफ्फाला वर्कशॉप आहे, हौशी लोकांच्या बोटी विकतो, दुरुस्त करतो, आणि हेड ऑफिस आहे फिनलंडला. मी तिथं कोऑर्डिनेटर. कोऑर्डिनेटर म्हणजे काय ते विचारू नका, मला पण अजून कुणी सांगितलेलं नाही. फोन घ्यायचे, मेल करायचे, गेटपास काढायचे. आणि गिऱ्हाइकांना फिरवायला कंपनीची एक बोट आहे, पांढरीशुभ्र, इंजिन मागं लटकवलेलं नाही, आत पोटात बसवलेलं, त्याला इनबोर्ड म्हणतात. त्या बोटीवर मी चढायचो फक्त फोटो काढायला.

आता आमचे बाबा. तुम्हाला सांगतो, त्या माणसानं जन्म समुद्रात काढला. वसईला बंदरावर स्वतःची होडी होती, गुडघे गेले तशी विकली, त्यानंतर पाण्यावर पाय नाही. मग दिवसभर बंदरावर बसून करायचं काय? तर येईल त्याला सांगायचं, "माझा कॅस्मिर अबुधाबीला बोटीच्या लायनीत आहे." आता बंदरावरच्या लोकांना बोटीची लाइन म्हणजे काय वाटणार? पोरगा सुकाणू धरून उभा, वारा केसांत! त्यांना मी फोनवरून गेटपास समजावत बसू? ते बाबा या नाताळला व्हिजिट व्हिजावर आले. विमानतळावर पहिला प्रश्न काय, "बोट कधी?" म्हटलं, बाबा, मॉल बघा, मोठी मशीद बघा, काय सुंदर आहे… "ते सगळं बघू रे. बोट कधी? घरी जाऊन लोकांना काय सांगू, लिफ्टमध्ये बसलो म्हणून?" एकदा पोराच्या बोटीत बसायचं, एवढंच घेऊन आला होता तो माणूस, बॅगेत दुसरं सुके बोंबील.

आणि मी सगळं जमवलेलं होतं हो! आमचे मॅनेजर मुरलीधर सर, केरळचे, भला माणूस, त्यांनी आधीच सांगितलेलं, "कॅस्मिर, क्रिसमस के बाद सॅटरडे को फादर को लेके जाओ, बोट तुम्हारा, नो प्रॉब्लेम." खलास! काम झालं! पण तो शनिवार यायच्या आधी, नोव्हेंबरात, फिनलंडहून युहानीसाहेबाचा मेल आला. डिअर ऑल, सीझन संपत आलाय. सीझन संपत आलाय?! अहो, इथं सुरू होतो! इथली माणसं अख्खा उन्हाळा एसीत कोंडून घेऊन नोव्हेंबरची वाट बघतात, की कधी एकदा पाण्यावर जातो. पुढं लिहिलेलं, की इंजिन समुद्राचं पाणी पिऊन थंड राहतं, त्यातलं थोडं पोटात उरतं, ते गोठलं की फुगतं आणि लोखंड तडकतं, म्हणून सगळ्या बोटी विंटराइझ करा, म्हणजे थंडीसाठी तयार करा. मी म्हटलं बरोबर आहे, तडकत असेल. पण इथं गोठणार काय होतं?

आता हे मी विचारायला हवं होतं ना? हवं होतं. मी काय लिहिलं? 'नोटेड विथ थँक्स.' हसू नका! तुम्ही लिहीत नाही? गल्फमध्ये नोकरी करता आणि लिहीत नाही? फायर ड्रिल आहे, नोटेड विथ थँक्स. पार्किंग बंद आहे, नोटेड विथ थँक्स. एकदा कुणाची तरी आजी वारल्याचा मेल आला, त्याला पण मी… जाऊ द्या. बोटं आपोआप चालतात हो, डोक्याला त्रास नको म्हणून.

झालं, फिनलंडहून विमानानं त्या कामाचं खोकं आलं. मी मुरलीधर सरांकडे गेलो, म्हटलं, सर, इथं बर्फ कुठं पडतो? सर म्हणाले, "कॅस्मिर, हेड ऑफिस ईज हेड ऑफिस. बाय एअर भेजा, मतलब कुछ रीझन होगा. यू आर नोइंग इंजिन?" म्हटलं, नो सर. "देन?" आता या 'देन'ला काय उत्तर आहे? मला वाटलं, सरांनी हेड ऑफिसला विचारलं असेल. सरांना वाटलं, मी विचारलं असेल. आमचा मेकॅनिक अबुजर, त्याला वाटलं दोन्ही साहेबांनी ठरवलंय, मग करा. आणि तिकडं युहानीला काय वाटलं असेल, वाळवंट आहे, रात्री गारठत असेल बिचारे! सगळ्यांना वाटत होतं, माहीत एकालाही नव्हतं.

मग आम्ही सुरू केलं. खोक्यात गुलाबी औषध, अगदी लग्नातल्या सरबताच्या रंगाचं. बादलीत ओतलं, इंजिन चालू केलं, ते गटागटा प्यायलं, आणि मागच्या नळीतून गुलाबी धार! अबुजर डोकं खाजवत म्हणाला, "साब, ये ठंड से बचाता है या गर्मी से?" म्हटलं, मला काय विचारतोस, मी कोऑर्डिनेटर! मग पाणी ओढणारं एक रबरी चाक असतं, ते काढायचं. काढलं, तर त्याच्या पाकळ्या तुटल्या. कागदावर लिहिलेलं, फेकून द्या, नवीन चाक वसंत ऋतूच्या खोक्यात येईल. वसंत ऋतू! मुसफ्फात! वेल्डिंगच्या दुकानांना पालवी फुटते काय? मग इंजिनाच्या तोंडात तेलाचा फवारा मारायचा, ते मरेपर्यंत. खरंच तसंच लिहिलेलं! अबुजरनं फवारा मारला, इंजिन खोकलं, घर्र… खॉ… खॉ… आणि गप्प झालं. मला वाईट वाटलं हो. मग बॅटरी काढली, नळीत फडकं कोंबलं, क्रेननं उचलून यार्डात लोखंडी घोड्यांवर ठेवली, वरून प्लास्टिक, आणि इंजिनाच्या झाकणावर हेड ऑफिसचं सील. फोटो पाठवला. युहानीचा मेल आला, 'ब्युटिफुल वर्क!' मी लिहिलं… तुम्हाला माहीतच आहे मी काय लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, कॅस्मिर, तुला कळलं नाही, शनिवारी बाबांना न्यायचंय? अहो, मला वाटलं हे लशीसारखं आहे! एकदा टोचलं की झालं, मग थंडीत खुशाल फिरा! स्वेटर कशाला घालतात? बाहेर जायला ना? मग? स्वेटर घालून कपाटात बंद करतात हे मला कुणी सांगितलं होतं?

शनिवार उजाडला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घराच्या दारात सगळ्यांच्या आधी उभे, डोक्यावर टोपी. जोसेफिननं फुगे तळलेले, आमच्याकडचे ते गोल पाव, कोंबडीचा रस्सा डब्यात. आमची बेव्हर्ली कानात इअरफोनची बोंडं घालून, "डॅड, इज देअर वायफाय ऑन द बोट?" यार्डात पोचलो, मी ऐटीत म्हटलं, अबुजर, यल्ला, क्रेन बुलाओ, बोट पानी में डालो. अबुजर म्हणाला, "साब, वो तो सुला दी ना आपने. अब तो अप्रिल में उठेगी."

पण त्या चाकाशिवाय इंजिन पाणी कसं ओढणार? अख्ख्या मुसफ्फात फोन केले, रबरी चाक, रबरी चाक! एक दुकानदार म्हणाला, "हबीबी, धिस साइज नो. आफ्टर टुमारो, इन्शाल्ला." बाबांचं विमान सोमवारचं! मुरलीधर सरांना लावला, ते म्हणाले, "सील तोडेगा तो वॉरंटी खलास, कॅस्मिर, मेरा जॉब भी खलास." शेवटी युहानीला लावला. तो बर्फात कुठंतरी चालत होता, धापा टाकत म्हणाला, एप्रिलमध्ये उघडा, मजा येईल! एप्रिलमध्ये, जेव्हा इथं लोक बोटी झाकून ठेवायला लागतात! मी ओरडलोच, सर, पण इथं गोठणार काय होतं? मग तो अगदी हळू म्हणाला, "आय वॉज ऑल्सो वंडरिंग. मी मेलमध्ये विचारलं होतं, तुमच्याकडे फ्रॉस्ट नसेल तर कळवा. यू रोट, नोटेड विथ थँक्स."

आता सांगा, कुणाला बोलू?

वळलो तर बाबा बोटीभोवती फिरत होते. हात फिरवत होते तिच्या पोटावर, जसा गाईवर फिरवतात. त्यांना सगळं कळलं होतं, फोनवर मी काय हळू बोलतो? म्हटलं, बाबा, माझं चुकलं… "चढता येईल?" एवढंच विचारलं त्यांनी. शिडी लावली. पुढून मी ओढतोय, मागून अबुजर ढकलतोय, गुडघे कुरकुरतायत, पण चढले! प्लास्टिक थोडं बाजूला केलं, बाबा सुकाणूपाशी बसले, टोपी सारखी केली. आम्ही पण बसलो. एका बाजूला लेबर कॅम्पच्या बसगाड्या, दुसऱ्या बाजूला ठिणग्या उडतायत, आणि जोसेफिन सगळ्यांना फुगे वाटतेय, अबुजरला पण. बेव्हर्लीनं कानातली बोंडं काढली होती. मी फुगा रश्शात बुडवून खात होतो.

तेवढ्यात बाबांनी फोन काढला आणि होडीवरच्या जुन्या जोडीदाराला लावला, इनासकाकाला. बाबा फोनवर बोलले की फोनची गरज नसते, असा आवाज. "इनास! कुठं काय विचारतो? बोटीत बसलोय, कॅस्मिरच्या! सुकाणू माझ्या हातात! हो, हो, तो हा काय, बाजूलाच आहे, जेवतोय. नाही रे, कुणाला उलटी नाही, बिलकुल नाही! पाणी असं गप्प आहे, इनास, आख्ख्या जन्मात असं पाणी नाही पाहिलं मी. लाट म्हणून नाही!"

लाट कुठून येणार हो? खाली सिमेंट होतं.