पडवीतल्या अकरा बाटल्या

योगिनी, चष्मा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. तू विसरणार म्हणून मीच टाकला. लाव आणि सुरुवात कर. हेही वाच, गाळू नकोस.

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्य सर, व्यासपीठावरची मोठी माणसं, राजश्री मॅडमचे आजी-माजी विद्यार्थी आणि जेवणाच्या वासाकडे नाक लावून बसलेली मंडळी, तुम्हा सर्वांना कातळसड्याच्या कडेच्या घरातून कमळाचा नमस्कार. मला अक्षर येत नाही. मी बोलले, या नातीने, योगिनीने लिहिलं.

मॅडम आज निवृत्त होतायत. बावीस पावसाळे त्या आमच्या सड्यावर आल्या. कशासाठी? पाणभुंग्यांच्या पिल्लांसाठी. भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा, पण पिल्लू कसं असतं ते कोणी नीट लिहूनच ठेवलेलं नव्हतं. ते आईसारखं दिसत नाही हो. लांबडी अळी, तोंडाला दोन विळे. कुठलं पिल्लू कुठल्या भुंग्याचं हे ठरवायचं तर ते पाळावं लागतं. दोनदा कात टाकतं, मग चिखलात कोष करतं, त्यातून भुंगा निघाला की ओळख पटली. आणि एका बाटलीत एकच ठेवायचं, कारण भाऊ भावाला खातो. हसू नका, तुमच्या घरच्या वाटण्या मी पाहिल्या आहेत.

एका वर्षी सड्यावरच्या एका डबक्यात वेगळीच पिल्लं मिळाली. मॅडमना ती दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती. अकरा पिल्लं, अकरा बाटल्या, आमच्या पडवीत. सानिका ही मॅडमची विद्यार्थिनी, तिचं पुढचं सगळं शिक्षण या अकरांवर. ती सकाळी येऊन त्यांना डासांच्या अळ्या घालायची. पाणी बदलायचं काम माझं.

“आजी, डबक्यातलंच पाणी. विहिरीचं नाही हां,” मॅडम बजावायच्या.

“नाही गो बाय. तुझ्या पोरांना मी परकं पाणी पाजीन का?”

त्या दिवशी पाऊस खळत नव्हता आणि गुडघा वळत नव्हता. सड्यावर कोण चढणार? विहिरीचं ओतलं. आदल्या दिवशी पंचायतीच्या माणसाने विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली होती. वास मला आला. म्हटलं, माणसं पितात, किड्यांना काय होतंय?

संध्याकाळी अकराही मेलेली.

मॅडम आल्या. सानिका रडत म्हणाली, “सकाळी मीच खायला घातलं.” मॅडमनी विचारलं, “अळ्या कुठून आणल्यास? फवारलेल्या बागेतल्या?” मी तिथेच तांदूळ निवडत होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “चहा टाकू?”

पुढच्या साली तिथे चिऱ्यांची खाण निघाली, डबकं गेलं. सानिकाने शिक्षण सोडलं, लांज्याला औषधाच्या दुकानात बसते. मॅडमचा लेख छापून आला. त्यात पिल्लाचं अंग आहे, विळे आहेत, पायावरच्या केसांची मोजदाद आहे. ते कुठल्या भुंग्याचं, ते नाही. आता कळायचंही नाही. शेवटी आभार आहेत, पिल्लांची काळजी घेणाऱ्या कमळा आजींचे. सानिकाचं नाव कुठेच नाही. सहा वर्षं ते पान माझ्या देव्हाऱ्यात आहे. वाचता येत नाही, पण माझं नाव कुठे आहे ते बोटाला ठाऊक आहे.

आज मला शाल देणार असं कळलं, म्हणून आले नाही. गुडघ्याचं कारण कळवलं ते खोटं. मॅडम, तुमची पिल्लं मी मारली. आणि पोरगी समोर रडत असताना चहाचं विचारलं. शाल तिची आहे.

योगिनीला हे लिहितानाच कळलं. तिला घोटभर पाणी द्या.

इतका वेळ ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. केलं ते घालू नका.

आणि माझ्या वाटणीचं जेवण पाठवणार असाल तर शिरा नको. फणसाची सांदणं असतील तर चार द्या, केळीच्या पानात बांधून. उद्या सकाळच्या एसटीने मी लांज्याला सानिकाकडे जातेय. माझ्या हातचं ती खाणार नाही, तुमच्या हातचं कदाचित खाईल.