पत्र्याचं दुसरं टोक

—हो हो, वाचलंय तुम्ही, कळलं मला, आल्यापासून तिसऱ्यांदा सांगताय. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं कॅन्सर होतो. मग अ‍ॅस्बेस्टॉसचाच पत्रा घ्यायला कशाला आलात? स्वस्त पडतो म्हणून ना? मग झालं तर. बसा त्या स्टुलावर—त्या नाही, तो दादाचा आहे, त्या दुसऱ्या. माप काय म्हणालात, सव्वापाच फूट? मागच्या दारी कपडे धुवायच्या जागेवर टाकायचाय, आणि चौकशा अशा की जणू राजवाडा बांधायला काढलाय. हल्ली गिऱ्हाइकाला माल कमी आणि माहिती जास्त लागते. उंटावरचे शहाणे सगळे. चौतीस वर्षं पत्रे कापतोय मी, चौतीस, बघा माझ्याकडे—खोकला आहे? नाही. दम लागतो? नाही. मागच्या महिन्यात छातीचा फोटो काढला, एकदम स्वच्छ. मला काही झालेलं नाही. झालंय ते दादाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकान दोघांचं. फुप्फुसावर पडदा असतो म्हणे पातळसा, त्या पडद्याला कॅन्सरनं धरलंय. आता तुम्ही ते तोंड करणार—करू नका. ते तोंड घेऊन सकाळपासून चार जण येऊन गेलेत. शेजारचा रंगवाला तर माझा हात हातात घेऊन पाच मिनिटं उभा होता, जसा काही मीच गेलोय. वर्षभर दादा याच्या दुकानासमोर खोकत होता तेव्हा हा रेडिओचा आवाज वाढवायचा. आता हात धरतोय. चांगुलपणा असा उशिरा सुचतो लोकांना, आणि सुचला की आवरत नाही.

आणि डॉक्टर—डॉक्टरचं तर विचारूच नका. नाही विचारलंत? सांगतो तरी. मी सरळ प्रश्न केला, माणसाला किती दिवस आहेत. तुम्ही मला विचारलंत पत्रा किती वर्षं टिकेल, तर मी सांगितलं की नाही, पंचवीस वर्षं बघायला नको म्हणून? हा म्हणतो, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. हातचं राखून बोलायचं. म्हटलं, कशावर अवलंबून आहे ते तरी कळू द्या. तर कागद ओढला, पेन काढलं आणि लागला मास्तरासारखा शिकवायला. पहिलं म्हणे वय, पासष्टच्या आत असलेला बरा. दादा सहासष्ट—एका वर्षानं हुकला, जशी काही सरकारी नोकरीच. मग म्हणाला, या रोगात पुरुषांपेक्षा बायका जास्त जगतात. वहिनी शेजारीच बसलेली. आता या माहितीचं मी काय करू, दादाला बाई करून आणू? मग पेशींची जात. गोलसर असतील तर बऱ्या, लांबुडक्या असतील तर वाईट, सरमिसळ असेल तर मधलं. दादाच्या निघाल्या गोलसर. वहिनीनं लगेच डोळ्यांना पदर लावला—इतक्या सगळ्यात एवढं एक बरं निघालं, आणि त्यातही कुणाचं काही कर्तृत्व नाही. मग रक्त कमी आहे का, रक्तात अमुक पेशी वाढल्यात का, रोग एकाच बाजूला आहे की पसरलाय. एकाच बाजूला आहे. सिगारेट ओढतो का. दादानं उभ्या जन्मात विडीला हात लावला नाही. मी ओढतो, मला काही नाही. घ्या, लिहा कागदावर.

आणि हे सगळं पाल्हाळ झाल्यावर मुद्द्यावर आला. म्हणाला, “खरं ठरतं ते माणूस किती खंगलाय आणि किती दिवसांपासून, यावर. दुखणं अलीकडचं असेल, वजन फार उतरलं नसेल, स्वतःचं स्वतः करत असेल, तर मी ऑपरेशन करीन. पण फार दिवसांचं असेल, वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर मी हात लावणार नाही. तो टेबलावरच जाईल.” असं म्हणाला, पेन खाली ठेवलं, आणि मग मला विचारतो, बरं, आधी वजन किती होतं?

हसला नाहीत तुम्ही? हसायला पाहिजे होतं. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर चार प्रमाणपत्रं टांगलेली, आणि आधी पेपर फोडतो आणि मग परीक्षा घेतो. मी धंद्यातला माणूस. गिऱ्हाइकाला काय हवंय ते कळलं की माझ्याकडे माल तसाच निघतो. म्हटलं, सत्तर. आत्ता हॉस्पिटलातल्या काट्यावर चौसष्ट भरलाय, म्हणजे गेले सहा. सत्तरातले सहा दहा टक्क्यांच्या आत बसतात की नाही? बसतात. दम कधीपासून लागतो? दोन महिने. काम करतो का? रोज पत्रे उचलतो. धाडधाड सांगितलं, एक अक्षर अडखळलो नाही. वय तेवढं कार्डावर छापलेलं होतं, नाहीतर तेही उतरवलं असतं. अशी शेंडी लावली त्याला, आणि त्याला पत्ताही नाही. दादानं मान वळवून नुसतं बघितलं माझ्याकडे. डॉक्टरनं विचारलं, बरोबर आहे ना हे? तर म्हणतो, “हा सांगतो ते बरोबर.” आयुष्यभर हेच. हा सांगतो ते बरोबर. कणा म्हणून नाही माणसाला, त्याच्या जिवाचा प्रश्न आणि तिथंही तोंड उघडवत नाही.

खरं किती होतं? तुम्हाला काय करायचंय—एक्क्याऐंशी. तो काटा दिसतोय ना तुमच्या मागे, हुक आणि खिळे किलोवर देतो आम्ही, त्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघं चढायचो. जुनी खोड. ज्याचं वजन जास्त भरेल त्यानं चहा पाजायचा. माझं बहात्तर ठरलेलं, त्यामुळे तीस वर्षं चहा दादानंच पाजला. मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर भरला. म्हटलं, वा, पोट उतरलं. मग चौऱ्याहत्तर. म्हटलं, वहिनी उपाशी ठेवते की काय. मग एकदा एकाहत्तर भरला आणि पहिल्यांदा चहा मी पाजला, आणि तेव्हा मला कळलं. कळलं म्हणजे—मी काय डॉक्टर आहे कळायला? माणूस बारीक होतोच वयानं. कळलं होतं हो. पुढच्या पहिल्या तारखेला दादा काट्यावर चढला नाही आणि मीही त्याला चढ म्हटलं नाही.

दम लागतोय त्याला चौदा महिने झाले, दोन नाही. एका शाळेच्या शेडचं काम आलं होतं, चारशे पत्रे. दादा म्हणाला, जरा छाती दाखवून येतो. मी म्हटलं, कफ आहे, तिकडे गेलास की दहा तपासण्या मागं लागतील, एवढं काम होऊ दे. काम झालं. मग गोदामाचं आलं. रोज पत्रे उचलतो म्हणून सांगितलं मी डॉक्टरला—पत्रा कसला उचलतो, सहा महिने त्या स्टुलावर बसून एका हातानं नुसतं टोक धरत होता. आणि मी काय म्हणायचो माहितेय? नीट धर.

आता आज चार वाजता ऑपरेशनच्या कागदावर सह्या करायच्यात, वहिनीची आणि माझी. उद्या सकाळी आत घेतायत. वहिनी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलीय, भावोजींनी डॉक्टरला पटवलं, भावोजी होते म्हणून झालं, दीर असावा तर असा. काल माझ्यासमोर रडली, आनंदानं. बावळट बाई. मी जाणार नाही. सही तिची तिला येते, माझी कशाला हवी? दुकान कोण बघणार, तुमच्यासारखी शहाणी माणसं आली म्हणजे? आणि जाऊन सांगायचं काय? सांगितलं तर तो हात लावणार नाही. मग उरलं काय? नळीतून औषध द्यायचं, छातीतलं पाणी काढत राहायचं आणि बघत बसायचं, सहा महिने, आठ महिने, वर्ष. आणि नाही सांगितलं तर टेबलावर जाईल म्हणे. म्हणे! ज्याला सत्तर आणि एक्क्याऐंशी ओळखू येत नाही त्याचं हे तरी खरं कशावरून? वाचेलही. गोलसर पेशी आहेत. वाचतात माणसं. तुम्ही एवढं वाचलंत ना मोबाइलवर, वाचतात की नाही?

चला, उठा. बोलून पत्रा कापला जात नाही. धरा तिकडून, मला एकट्याला नाही जमत, टोक हललं की तडा जातो. धरायला दादा असायचा, तो पंधरा दिवस झाले हॉस्पिटलात. असं नाही—तळवा पत्र्यावर सपाट ठेवा, जोर नको, अंगठा रेघेपासून लांब. पाणी? पाणी मारून कापलं की खडूची रेघ पुसली जाते, मग सव्वापाचाचा होतो पाच, मग तुम्हीच भांडायला येणार. कोरडंच कापायचं. कापणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे धूळ समोर जाते आणि रेघ दिसते. साधी गोष्ट आहे. समोर म्हणजे कुठं? समोर म्हणजे समोर, धरणाऱ्याकडे. कुणाकडे तरी जाणारच ना ती? चौतीस वर्षं मी कापलं आणि त्यानं धरलं. माझा हात सरळ म्हणून नाही काही. हात त्याचाच सरळ, माझ्यापेक्षा कितीतरी. पहिल्या आठवड्यात तोच कापायचा आणि मी धरायचो. डोळ्यांत गेली धूळ, नाक गळायला लागलं, मी कुरकुर केली. तर म्हणाला, “ये इकडे, तू काप.” बस, एवढंच. पुन्हा कधी त्याचा विषय नाही काढला त्यानं, आणि मी कशाला काढतोय? संध्याकाळी तो भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा आणि मी हा असा. गिऱ्हाइकं म्हणायची, थोरला फार लवकर म्हातारा झाला हो तुमचा. मीही हसायचो त्यांच्याबरोबर. धरलंत? सोडू नका. मशीनचा आवाज होईल, दचकायचं नाही—

—थांबा. थांबा, बंद करतो. सरका तिथून. अहो सरका म्हणतोय ना, इकडे या, माझ्या बाजूला. पत्रा खाली पडू दे, तुटला तर तुटला. तोंड पुसा ते. भुवया पुसा, भुवया, पांढऱ्या झाल्यात. चोळू नका, ओला करा रुमाल, तिकडे नळ आहे.

नाही, कापून मिळणार नाही. उद्याही नाही. दुसरीकडे बघा, आणि पत्राच हवा असेल तर टिनाचा घ्या. काय बघताय माझ्याकडे? सव्वातीन झालेत का? पायी वीस मिनिटं लागतात हॉस्पिटलला. एक्क्याऐंशी होता, असं म्हणायचं. एक्क्याऐंशी, आणि चौदा महिने झाले. वहिनीसमोरच म्हणावं लागणार, ती काही बाहेर जायची नाही. तुम्ही अजून इथंच? बाहेर व्हा आता, मला कुलूप लावू द्या.