तळाची चार अक्षरे

मी च्वांग सूयिन, वय ६३ वर्षे, धंदा टोफू करून विकणे, राहणार विहीर गल्ली, छ्वेनचौ. बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात येऊन विचारल्याप्रमाणे समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पती वारले आहेत. मुलगा को हाइशंग मासेमारी बोटीवर होता. गेल्या हिवाळ्यात बोट बुडाली. तो सापडला नाही. लग्न झालेले नव्हते.

घरात सासरच्या पूर्वजांपुढे काशाची जुनी धूपदाणी असे. तिच्या तळाला चार अक्षरे कोरलेली होती. लेकानातवांनी ही कायम जपावी, असा त्यांचा अर्थ. राख काढताना ती दिसत.

कबरी झाडायच्या सणाला पुतण्या को वेईथाव पत्नीसह जेवायला आला. टोफू व शेवया केल्या होत्या. मासे मी आता आणत नाही.

जेवताना तो म्हणाला, "काकू, धूपदाणी आता आमच्याकडे देऊन टाका. तुमच्यामागे ती जपायला आहे कोण?"

त्याची पत्नी म्हणाली, "अहो, घास तरी गिळू द्या त्यांना."

मी म्हणाले, "आणून देते."

दुसऱ्या दिवशी मी धूपदाणी बाजारातील किल्ल्या बनवणारे फान यांच्याकडे नेली व तळाची अक्षरे घासून काढायला सांगितले.

ते म्हणाले, "मावशी, वेड लागलं का? अक्षरं गेली की ही भंगारात जाईल. त्यापेक्षा पॉलिश करून देतो, तोंड दिसेल असं."

मी म्हणाले, "तोंड नको. अक्षरं काढा."

त्यांनी मशीन लावले. होईपर्यंत मी स्टुलावर बसून होते. नंतर धूपदाणी पुसून वेईथावच्या घरी नेऊन दिली. त्याने ती पालथी केली व ओरडला, "काकू, हे काय करून बसलात!" मी घरी आले. त्यावरून त्याने तक्रार दिली.

रागाने किंवा नुकसान करण्यासाठी केले काय, असे विचारल्यावरून सांगते की, राग आलेला नव्हता. धूपदाणी त्यानेच न्यावी, याला माझी हरकत नव्हती व नाही. हाइशंग लहान असताना सासरे त्याचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवत. ती अक्षरे दुसऱ्या घरी द्यायची नव्हती.

सध्या उदबत्ती कशात लावता, असे विचारल्यावरून सांगते की, हाइशंगच्या जेवणाच्या वाडग्यात तांदूळ भरून त्यात लावते.

हवालदार बाईंनी वाचले ते ऐकले. मी बोलले तसेच उतरले आहे. खाली सही करते.