शिवणाच्या कोर्सची नोकरी

साकोलीच्या स्टँडवर बसची वाट पाहताना पार्वताबाईला शेजारची प्रतिक्षा भेटली. तिनं केला तसा शिवणाचा कोर्स आपल्या मुलीला, भावनाला, करू द्यावा की नाही, हे बाईला ठरवायचं होतं.

"नोकरी लागली म्हणे तुले?"

"हो मावशी, कोर्सच्या सेंटरवाल्यानंच लावून देली."

"कोणत्या कारखान्यात?"

"सेंटरमध्येच."

"काय शिवतेस तिथं?"

"शिवत नाही. गावोगाव फिरून कोर्सले नवीन पोरी आणतो."

"अन् तुह्यासंगच्या पोरी?"

"त्याही तेच करतात."

"मंग मशीन काय भुतं चालवतात?"

"मजाक नोका करू, मावशी."

"कोर्स करून नोकरी लागते तरी का कोणाले?"

"मले लागली ना!"

प्रतिक्षा जवळ सरकली.

"मावशी, भावनाले पाठवा ना. या महिन्यात मले एकच पोरगी कमी पडून राहिली."