मशिनीचं डोकं

चांगुणाबाई : दैवशाला! माझ्या शिलाई मशिनीचं डोकं कुठंय?

दैवशाला : अगं बाई! आत्याबाई, तुमी तर उद्या येणार होता ना राजूरहून?

चांगुणाबाई : गणपतीचं दर्शन जल्दी झालं. डोकं कुठंय ते सांग.

दैवशाला : तुमच्या खाटंवर. गोधडीत गुंडाळून निजवलंय. एक बी स्क्रू हरवला न्हाई.

चांगुणाबाई : निजवलंय! आन् खाली पायडलच्या सांगाड्यावर हे काय? पट्टा, सुतळी, आन् ही... ही लाटणी हायेत का?

दैवशाला : दोन हायेत. एक आपलं, एक शेजारच्या बेबीनंदाचं.

चांगुणाबाई : मला धर गं, चक्कर यायली. सासरा गेला तुझा, तवापासून ह्याच मशिनीवर तुझ्या नवऱ्याला लहानाचं मोठं केलं मी. कुणाला बोट लावू दिलं न्हाई. दोन दिस पाठ काय फिरवली, तू तिचं मुंडकंच उडवलं?

दैवशाला : उडवलं न्हाई, उतरवलं. आधी बसा, पाणी प्या. हे बघा, रेशमाचे कोष उद्या बाजाराला न्यायचेत. वरचं जाळं हातानं काढू काढू माझी बोटं फाटली, तुमची बी फाटतेत. मंग म्हणलं, दोन लाटणी शेजारी शेजारी फिरवली तर जाळं त्यायलाच गुंडाळंल, कोष साफ.

चांगुणाबाई : झाले का साफ?

दैवशाला : न्हाई.

चांगुणाबाई : बिलकुल न्हाई?

दैवशाला : पयल्यांदा लाटणी गुळगुळीत होती, जाळं धरंचना. मंग त्यायला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं. तर दोन्ही एकाच बाजूला फिरू लागली. कोष उडाले ते थेट चुलीत.

चांगुणाबाई : चुलीत! महिनाभर तुतीचा पाला घालून वाढवलेल्या अळ्यांचे कोष, चुलीत?

दैवशाला : सातच होते. मंग सुतळीला मधी पीळ दिला, तवा एक इकडून, एक तिकडून फिराया लागलं. आत्याबाई, काय सांगू, एकलीच नाचले मी घरात!

चांगुणाबाई : आन् ह्या टोपल्यात हे चपटे?

दैवशाला : ते आजचे. मधी बराबर चालतंय, पण कडंला गेला की कोष अडकून चिपतोय. सकाळधरनं बघून राह्यले, काहून होतंय ते कळंना.

चांगुणाबाई : चिपलेला कोष बाजारात कुणी हातात बी धरत न्हाई. टोपलंभर चिपले, आन् तू हसतीस?

दैवशाला : रडले बी. पण दर बारी येगळंच काहीतरी बिघडतंय ना, मंग आजून एकदा करावं वाटतंय. तुमी म्हणा, आत्ता होतं तसं करते. पुन्हा हात लावणार न्हाई.

चांगुणाबाई : थांब. हात काढ तिथून. बघू दे मला... अगं येडे, लाटणं मधी जाड असतंय, टोकाला बारीक. कडंला फट पडणारच. रोज पोळ्या लाटतीस, आन् एवढं दिसलं न्हाई?

दैवशाला : अय्या!

चांगुणाबाई : सरळ नळी पाह्यजे. चुलीची फुंकणी आण. लोखंडाची, दोन्हीकडून सारखी. दुसरी बेबीनंदाकडून आण, आन् तिचं लाटणं परत दे, सांजच्याला पोळ्या कशानं करंल ती?

(तासाभरानं. दोन्ही फुंकण्यांवर लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. पायडलवर चांगुणाबाईचे पाय.)

दैवशाला : सरका, मी मारते पायडल.

चांगुणाबाई : हो तिकडं. माझा पाय बसलेला हाय ह्याच्यावर. टाक कोष.

दैवशाला : टाकला... आत्याबाई! साफ! अंड्यावानी साफ निघाला!

चांगुणाबाई : आँ? खरंच की गं! मला वाटलंच नव्हतं. टाक दुसरा.

दैवशाला : चिपला.

चांगुणाबाई : टाक तिसरा.

दैवशाला : उडाला. तुमच्या अंबाड्यात जाऊन बसला. तुमी काहून हसायल्या?

चांगुणाबाई : चाळीस वर्षं लोकायच्या मापाची पोलकी शिवली मी. पायडल मारायच्या आधीच ठाऊक असायचं, काय निघणार ते.

दैवशाला : आन् आता?

चांगुणाबाई : आता काय बी म्हाईत न्हाई. टाक चौथा.