बसा, कळवतो

मंडळी, आज कीर्तनात जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. पैज! ठेवलाच, तर उद्याची भाजी या पगडीत आणीन. पण आधी प्रश्न – माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं हे पाप, की न म्हणणं हे पाप?

उत्तर नंतर द्या. मृदंग चालू राहू दे रे, आणि ऐका.

नदीपलीकडे पंपांचा कारखाना. तिथं फिटरची एक जागा निघाली. आमचा केरबा मुलाखतीला गेला. इस्त्रीचा सदरा, काखेत फाईल. मिरजेच्या एका वर्कशॉपनंही त्याला बोलावलं होतं, पण ते सोमवारपर्यंतच थांबणार होते. आणि होणारे सासरे म्हणत होते, कुठलं तरी एक पक्कं करा, मग पोरीच्या लग्नाची तारीख धरू. म्हणजे केरबाला हवं काय? हो, नाहीतर नाही. काहीही चालेल, पण आज!

भरती बघायचे नाडगौडा साहेब. फार मायाळू माणूस – नकार द्यायचा म्हटलं की डोळे भरून यायचे. जागा सकाळीच भरली होती. तरी साहेब हसून म्हणाले, "बसा, कळवतो."

केरबा बसला. व्हरांड्यातल्या बाकावर. सोमवार गेला, मिरज गेली. उठावं, आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं तर? श्रावणात बाकाच्या पायाशी तोंडलीचा वेल उगवला, तो केरबाच्या खांद्यावर चढला. कामगार जेवणाच्या सुट्टीत भाजीपुरती तोंडली तोडून नेत. रंगारी आले, त्यांनी बाकासकट केरबालाही हिरवा रंग मारला. हसताय काय? मार्चात सामानाची वार्षिक मोजणी झाली. स्टोअरवाल्यानं बाकावर पांढऱ्या रंगानं लिहिलं एकशे बारा – आणि केरबाच्या कपाळावर एकशे तेरा!

शेवटी नवरी स्वतः आली. हौसा. तिनं आधी ओटीभर तोंडली तोडून घेतली – पोरगी व्यवहारी – मग साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, नोकरी नको. 'नाही' तरी द्या. तेवढं घेऊन आम्ही घरी जातो."

साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. म्हणाले, "ताई, तुम्हीही बसा. कळवतो."

आणि मंडळी, असा तो केरबा त्या बाकावर सात वर्षं –

"खोटं! साफ खोटं, बुवा! सात वर्षं कुठली? चौदा महिनेच बसवला होता मी त्याला!"

कोण बोललं ते? खांबाशेजारी कोण? या, नाडगौडा साहेब, पुढं या. हरलो मी. चौदा महिने. वेल, रंग आणि आकडा, त्यावर तुमची काही हरकत दिसत नाही.

अरे, मृदंग का थांबला? केरबा?

मंडळी, त्याच्याकडे बघू नका. आपापल्याकडे बघा. दुकानात, शाळेत, कचेरीत – कुणाला कामासाठी बोलावलं आणि कुठल्या बाकावर विसरून आलात, ते आठवा. साहेब, आता तरी सांगा त्याला.

"केरबा... नाही रे बाबा. जागा सकाळीच भरली होती."

ऐकलंत मंडळी? एवढंच लागतं. वाजव, केरबा.