सोळा खाचांची पेटी

नाव: वर नोंदवल्याप्रमाणे, गल्लीत मला मशीनवाल्या काकू म्हणतात. वय: अठ्ठावन्न वर्षे. धंदा: घरी शिवणकाम. राहणार: चौकीमागची गल्ली, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

मी आज रोजी पोलीस चौकीत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर सासूबाईंसह राहते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना एकटे सोडून कुठे जाता येत नाही. चौकीचे नेट कालपासून बंद असल्याने हा जबाब हवालदारसाहेब हाताने लिहून घेत आहेत. मला चारच्या आत घरी पोचायचे आहे, हे मी आल्या आल्या सांगितले आहे. कारण पुढे येईल.

नेट पुरवणाऱ्या कंपनीची तक्रार अशी की, मी काल त्यांच्या माणसाला घरात डांबून ठेवले. मी कोणाला डांबलेले नाही. दाराला कडी होती हे खरे. आमच्या दाराचे कुलूप बिघडले आहे, कडी लावली नाही तर दार वाऱ्याने सताड उघडते. कडी आतल्या बाजूला आहे आणि तोही आतच होता. त्याचा हात कडीला माझ्यापेक्षा सहज पोचतो.

सदर कंपनी मी तिच्या जन्मापासून ओळखते. कोपऱ्यावर टीव्ही दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. त्याने आणि काल आलेल्या याच जोडणीवाल्याने मिळून गल्लीत पहिली वायर ओढली. दोघांत शिडी एकच. नेट गेले की गॅलरीतून हाक मारायची. टीव्हीवाला खांबावर चढून तिथूनच विचारायचा, "काकू, आलं का?" मी म्हणायची, "आलं." तेव्हा कंपनी लहान होती आणि नेट होते. आता कंपनी मोठी आहे. टीव्हीवाला गल्लीच्या तोंडाशी फलकावर हाताची घडी घालून उभा आहे आणि पायाशी लिहिले आहे, 'घराघरांत आम्ही'. शेजारच्या भागात दुसरी एक कंपनी होती, तीही यांनीच गिळली, त्यामुळे रुसून जायलाही जागा राहिली नाही. हवालदारसाहेब म्हणाले, मुद्द्याचं बोला. मी म्हटले, हाच मुद्दा आहे, लिहा.

माझी थोरली बहीण जन्मापासून बहिरी आहे. ती शाळेत गेली नाही. आमची हातांची भाषा घरातल्या घरात तयार झाली, आईने आणि आम्ही दोघींनी केली. आई गेल्यापासून ती भाषा येणारी माणसे जगात दोनच आहेत. ताई दूर राहते, म्हणून आम्ही रोज फोनवर एकमेकींना बघून बोलतो. मोबाइलची रेंज आमच्या गल्लीत आवाजापुरतीच येते, चित्र मध्येच थिजते. थिजलेला हात काय म्हणतो हे मलाही कळत नाही. त्यामुळे घरचे नेट लागते.

परवा ताईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डॉक्टर म्हणाले, लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर तो डोळा गेलाच. नर्स पट्टी घेऊन जवळ आली की ताई तिचा हात झटकायची. तिला वाटले, दोन्ही डोळे बांधणार. कान नाहीतच, आता डोळेही नेणार, असे तिला वाटले असणार. तिच्या सुनेला हातांनी 'जेव' आणि 'झोप' एवढेच सांगता येते. सून फोनवर रडत म्हणाली, "मावशी, तुम्हीच समजवा. त्या आमचं कोणाचंच ऐकत नाहीत." मी फोन उभा करून समोर बसले, तर नेट नाही.

मी कंपनीला तक्रार केली. माझा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे, असे एक बाई पुन्हा पुन्हा म्हणाली आणि मग तोच फोन कापला गेला. आमच्या भागात सेवा सुरळीत असल्याचा निरोप आला. काल सकाळी जोडणीवाला आला. त्याने यंत्राचा फोटो काढला आणि म्हणाला, "काकू, दिवा हिरवाय. ओटीपी सांगा."

ओटीपी म्हणजे काम झाल्याचा आकडा, तो माझ्या मोबाइलवर येतो. तो सांगितला की कंपनीच्या दप्तरी तक्रार सुटते, नेट येवो न येवो. माझी तक्रार अशी तीनदा सुटलेली आहे. शिवाय एक तक्रार सुटल्याशिवाय जोडणीवाल्याला पुढचे घर मिळत नाही. मी म्हटले, "नेट आलं की सांगते." तो स्टुलावर बसला. मी मशीनवर बसले. कंपनीच्या नकाशावर याचा ठिपका हलेना, तेव्हा ऑफिसातून फोन आला. त्यावर तो म्हणाला, "काकू सोडत नाहीत." माझ्यावरचा सगळा गुन्हा या तीन शब्दांचा आहे. त्याला दोनदा चहा दिला, दुपारी जेवायला वाढले, हे तक्रारीत कुठेच आलेले नाही.

जेवून तो नरमला. म्हणाला, घरात काही बिघाड नाही. बिघाड खांबावरच्या पेटीत आहे आणि तोही बिघाड नव्हे, ती कंपनीची वाढ आहे. पेटीत खाचा सोळा, कंपनीने जोडण्या विकल्या एकवीस. नवा ग्राहक आला की एका जुन्याची वायर उपटायची आणि त्याची खोचायची. जुना ओरडला की त्याची खोचून तिसऱ्याची उपटायची. या आठवड्यात माझा नंबर होता. मी विचारले, "मग माझी खोच की." तो म्हणाला, "खांब आमच्याकडे नाही काकू, तो कंपनीच्या खांब विभागाकडे. हात लावला तर नोकरी जाईल."

एवढ्यात सुनेचा फोन आला. चित्र थिजलेले, त्यात ताईचा एक हात डोळ्यापाशी तसाच राहिला होता. मी त्या थिजलेल्या चित्राला हातांनी सांगत बसले की एकच डोळा, एकच. ते वेड्यासारखे होते हे मला कळत होते. मला रडू आवरेना, हे लिहावे.  जोडणीवाल्याने स्वतःच कडी काढली आणि जिन्याखालची ती जुनी शिडी घेऊन खांबावर चढला.

खांबावरून त्याने विचारले, "काकू, कोपऱ्याकडे जाणारी एक वायर आहे, चौकीची दिसते. काढू का?" मी गॅलरीतून म्हटले, "काढ. पोलिसांना ऐकू येतं, ते फोनवर बोलतील." यात दोष असल्यास तो माझा आहे, त्याचा नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आलं का?" मी म्हटले, "आलं."

ताई दिसली. मी हातांनी सांगितले, एकच डोळा झाकतील, दुसऱ्याने मी दिसेन. तिने तीनदा विचारले, मी तीनदा सांगितले. मग ती म्हणाली, बाहेर आणतील तेव्हा तू समोर हवीस, नाहीतर पट्टी ओढून काढीन. मी हो म्हटले. मग मी जोडणीवाल्याला ओटीपी सांगितला. ताईला आज दुपारी आत नेले आहे. चार वाजता बाहेर आणणार आहेत.

जोडणीवाला सध्या कोठे आहे, असे विचारल्यावरून सांगते की, तो माझ्या घरी सासूबाईंच्या उशाशी बसला आहे. कंपनीने सकाळीच त्याला कामावरून काढले, त्यामुळे तो मोकळा होता. दाराला कडी आहे. ती त्याने आतून लावलेली आहे.

एवढे झाल्यावर हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवले आणि खिडकीतून खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या साहेबांना नेटचं काय सांगू?" मी म्हटले, "तक्रार करा. सेवा सुरळीत आहे असं कळवतील." ते म्हणाले, "आणि त्यांचा माणूस आला तर?" मी म्हटले, "चहा द्या. ओटीपी देऊ नका." त्यांनी पेन उचलले आणि म्हणाले, "बरं. आज हातानेच लिहितो. पळा तुम्ही."

हा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, जास्त नाही, कमी नाही. वाचून होईपर्यंत पावणेचार झाले, म्हणून सही उभ्यानेच केली आहे. ताईला तो मी हातांनी वाचून दाखवीन.